बिनबांगड्यांच्या खोलीतलं गोड

पंधरा-वीस बायका एका खोलीत बसवा, अंगावरचे सगळे दागिने उतरवून घ्या, मोठ्यानं बोलायची मनाई करा आणि शेजारच्या खोलीत बारूद ठेवा. किस्से आपोआप तयार होतात! आमच्याकडे ते इतके झाले की रिटायर होताना प्रत्येकीनं वाटेल तेवढे घरी नेले, तरी माझ्याकडे ढीगभर उरले. माझं म्हणणं खोडून काढायला आता त्यातल्या फारशा कोणी उरल्या नाहीत. म्हणून मी वाढवून सांगेन असं समजू नका. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं मी वाणसामानाच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले. जे शिकले ते पक्कं शिकले आणि जे पाहिलं ते नीट पाहिलं.

तर खोली जबलपूरच्या एका कारखान्यातली. काळ लढाईचा. मी विशीची, राहायला कांचघरला. काम असं, की शेजारून कापडी थैल्या बारूद भरून यायच्या आणि आम्ही त्यांची तोंडं हातानं शिवायची. सुई पितळेची, कारण पितळेची ठिणगी उडत नाही. खोलीच्या दाराशी गुडघाभर उंचीचा लाल कठडा होता. त्याच्या आत लोखंड, चांदी, काच, काहीही न्यायचं नाही. काडेपेटी नेली तर थेट जेल!

*

पहिल्या दिवशी गेटवर झडती घेणाऱ्या रामप्यारीनं माझ्या केसातल्या पिना काढल्या, बांगड्या उतरवल्या आणि नाकातल्या चमकीपाशी येऊन थांबली. चमकी काही केल्या निघेना. तेल लावलं, साबण लावला. माझ्या डोळ्यांत पाणी, मागं बायकांची रांग.

रामप्यारी अगदी शांतपणे म्हणाली, "बिटिया, अंदर एक ही चीज़ जाएगी। नाक या चमकी, तू सोच ले!"

चमकी लगेच निघाली!

कठडा ओलांडून आत गेले आणि माझे पाय थबकले. सगळ्या बायका पांढऱ्या कोटात. गळ्यात काळे मणी नाहीत, हातात काकण नाही, पायात कापडी तळव्यांचे जोडे, म्हणून चालण्याचाही आवाज नाही. एवढ्या बायका, आणि ऐकू येत होती ती फक्त कापडातून दोरा ओढल्याची सरसर.

मी शेजारणीला हळूच विचारलं, "ह्या सगळ्या विधवा आहेत काय वं?"

ती मान वर न करता म्हणाली, "सहा वाजेपर्यंत!"

ती कुसुम. माझ्याच वयाची, महाराजपुरात सासू आणि ती, दोघीच. नवरा श्रीधर फौजेत ट्रक चालवायचा.

*

आमच्यात सगळ्यांत मोठी यमुनाबाई. तिचा एक नियम होता, कारखान्याच्या कुठल्याही पाटीवर नसलेला. शिफ्ट सुटली की कठड्याशी उभं राहायचं आणि त्या दिवसातलं एक गोड सांगायचं. सांगितल्याशिवाय कठडा ओलांडायचा नाही.

"काहून?" मी विचारलं.

"काहून म्हणजे? उद्या आपण ह्या कठड्याच्या कुठल्या बाजूला राहू, कोणाला माहीत? आजचं तर तोंडात टाकून जा."

बायका सांगायच्या. डब्यात लिंबाचं लोणचं होतं. सासू माहेरी गेली. सुईत दोरा पहिल्या झटक्यात गेला. मी ठणकावून सांगितलं, "मी इथं शिवायला येते, भजनाला नाही!"

"बरं," यमुनाबाई म्हणाली. "मग उभी राहा."

माझी बस गेली. लढाई तोंडावर आलेली, ब्लॅकआऊट सुरू झालेला, संध्याकाळीच सगळ्या खिडक्यांना काळे कागद. मी त्या अंधारल्या रस्त्यानं कांचघरपर्यंत पायी आले. दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला सगळ्यांच्या आधी मीच ओरडले, "आज मला बस मिळणार आहे!"

माझी नात सांगते, आजी, आता तरुण पोरं रोज तीन चांगल्या गोष्टी मोबाईलमध्ये लिहितात, मन आनंदी राहतं म्हणे. लिहा बापड्यांनो! आम्हाला एक सांगताना घाम फुटायचा, कारण यमुनाबाईला शिळं चालत नसे. कालचं लोणचं आज सांगितलं की ती म्हणायची, "वास येऊन राहिला. ताजं सांग." मग दिवसभर डोळे उघडे ठेवावे लागायचे. त्यातच मला कळलं, की खिडकीतून येणारं ऊन चार वाजता नेमकं माझ्या हातांवर येतं. तोपर्यंत ते येतच होतं, मी कुठं पाहिलं होतं?

*

माझा टाका सैल पडायचा. एका दुपारी मागून कोणीतरी वाकलं, पांढऱ्या बाहीतला हात माझ्या खांद्यावरून पुढं आला आणि त्यानं दोरा ओढून टाका बसवला. मनगटावर विंचू गोंदलेला. मी मान वळवली तर मागं भिंत. माझी बैठक भिंतीला लागूनच होती, मागं माणूस उभं राहायला जागाच नव्हती!

मी संध्याकाळी यमुनाबाईला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "गोंदलेला विंचू होता काय?"

"हो."

"गोदाबाई. तुझ्या जागेवर तीच बसायची. मागच्या उन्हाळ्यात गेली बिचारी, घरी, तापानं." मग तिनं माझी थैली उचलून पाहिली. "टाका सुधारला ना?"

"सुधारला."

"झालं तर मग तुझं आजचं गोड! चल, पाय उचल."

*

लढाई सुरू झाली आणि लवकरच संपलीही. रेडिओवर विजयाची गाणी, बाजारात पेढे. कुसुमच्या घरी मात्र तार आली, श्रीधर बेपत्ता. मेला असं नाही, सापडला असंही नाही.

ती दुसऱ्या दिवशी कामाला आली. संध्याकाळी कठड्याशी तिची पाळी आली तेव्हा आम्ही सगळ्या जमिनीकडे बघत होतो. यमुनाबाईनंही विचारलं नाही. कुसुम आपणहून म्हणाली, "आज यांना गरम चहा भेटला."

"पत्र आलं काय वं?" एकीनं विचारलं.

"नाही जी."

"मग कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. भेटला, एवढंच. कानतुटका पेला होता."

तिनं कठडा ओलांडला.

मग हे रोजचं झालं. आज यांचे मोजे वाळले. आज यांना भिंतीकडेची जागा मिळाली, वारा लागत नाही. आज एका म्हाताऱ्यानं यांना विडी दिली. ती हे डोळे मिटून सांगायची, समोर पाहून सांगावं तसं. पहिल्यांदा बायकांच्या अंगावर काटा यायचा. महिन्याभरात त्या घाईघाईनं आपापलं सांगून कुसुमची वाट पाहायला लागल्या. एक दिवस ती सर्दीनं आली नाही, तर रामप्यारी गेटवर मला विचारते, "आज भैया ने खाना खाया कि नहीं?"

*

कुसुमची सासू एक दिवस गेटवरच आली. भर रस्त्यात ओरडली, "माझ्या पोराचा पत्ता नाही आन् ही रोज गळा उघडा करून बसते! हिनंच त्याला मारलं, रोज थोडं थोडं!"

कुसुम पांढरी पडली. मंगळसूत्र उतरवलं नाही तर काम नाही, काम नाही तर महाराजपुरात दोघींची चूल नाही. उतरवलं तर हे ऐकायचं.

यमुनाबाईनं सासूचा हात धरला. "काकू, उद्या या."

रात्रीतून तिनं सुताचा दोरा हळदीत भिजवला आणि त्यात एक हळकुंड बांधलं. जुन्या बायका म्हणायच्या, सोनं नसेल तिथं हळकुंड चालतं. दुसऱ्या दिवशी सासूच्या देखत ते कुसुमच्या गळ्यात घातलं आणि तिला रामप्यारीपुढं उभं केलं. रामप्यारीनं हळकुंड हुंगलं, दाबून पाहिलं, एका टोकाला दाताचा चावाही घेतला. मग सासूकडे वळून म्हणाली, "अम्मा, पास! इससे दाल पीली होगी, धमाका नहीं होगा!"

सासू हसली. तार आल्यापासून पहिल्यांदा. त्या दिवशी कठड्याशी अर्ध्या बायकांचं गोड एकच होतं, म्हातारी हसली.

*

उन्हाळ्यात सायरनची चाचणी व्हायची. सायरन वाजला की खोलीतले दिवे बंद, पडदे ओढलेले, आणि आम्ही मांडीवर भरलेली थैली घेऊन जागच्या जागी बसून राहायचं. हलायचं नाही.

एकदा अशाच अंधारात बांगड्या वाजल्या.

एकीच्या नाही, दोन्ही हात भरलेल्या कितीतरी बायका एकदम उठाव्यात तशा. हा आवाज खोलीच्या एका टोकाकडून निघाला, आमच्यामधून सावकाश पुढं गेला आणि कठड्यापाशी थांबला. माझ्या गालाला वारा लागला. दिवे आले तेव्हा जी ती आपल्या जागेवर, प्रत्येकीचे हात उघडे.

रामप्यारीला बोलावलं. तिनं एकेकीची झडती घेतली. काचेचा तुकडासुद्धा सापडला नाही. "कौन पहनकर आई थी? सच बोलो!"

तेवढ्यात आमची यमुनाबाई, जिचा नवरा जाऊन जमाना झाला होता आणि कपाळावर जुन्या कुंकवाचा नुसता पुसट डाग उरला होता, ती डोळे पुसत म्हणाली, "कोणी का असेना. माझं आजचं गोड झालं. किती वर्षांनी इतक्या जवळून बांगड्या ऐकल्या!"

*

पावसाळा सरून शिंगाडे बाजारात आले तोवर कुसुम निम्मी झाली होती. पितळेची सुईसुद्धा तिच्या बोटांत जाड वाटायची. डबा उघडायची नाही. मी डबा पुढं केला तर म्हणायची, "यांनी अजून खाल्लं नाही." केसांना तेल नाही, कोणाशी हसणं नाही. श्रीधरचं गोड मात्र रोज जास्तच बारीक सांगायची. कोणत्या खिडकीतून उजेड आला, पेल्यात किती चहा होता. आमच्या डोळ्यांदेखत ही पोरगी इथून तिकडे वाहून चालली होती, आणि बायका कौतुकानं ऐकत होत्या!

मी एका संध्याकाळी कठड्याशी आडवी उभी राहिले. "बस झालं. त्याचा चहा त्याला पिऊ दे. तू तुझं सांग."

"माझं काही नाही."

"मग आज इथंच राहा. मीही राहते."

बायका माझ्यावर तुटून पडल्या. "वत्सला, अवदसा आठवली काय तुला? तिनं सांगायचं सोडलं आन् तिकडं काही झालं म्हणजे?"

खरं सांगते, हीच भीती सगळ्यांच्या मनात होती. तिच्या बोलण्यावरच तो जिवंत आहे, असं सगळ्या धरून चालल्या होत्या. कुसुमही. ती म्हणाली, "मी नाही सांगितलं तर यांच्याजवळ कोण आहे?"

"आणि तुझ्याजवळ कोण आहे? तो आला तर त्याला दाखवायला तू उरायला पाहिजेस!"

बस गेली. एकही बाई गेली नाही. बाहेर अंधारायला लागलं. यमुनाबाईनं आपल्या पिशवीतले उकडलेले शिंगाडे कठड्यावरून आत दिले, कुसुमच्या हातात. कुसुम बराच वेळ ते धरून उभी होती. मग तिनं एक सोलला. खाल्ला. दुसरा सोलला. बोटं काळी झाली, ओठ काळे झाले, आणि ही पोरगी रडत रडत सगळे खात सुटली!

"गोड आहेत," ती म्हणाली. "आज मी शिंगाडे खाल्ले."

श्रीधरचं तिनं त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, केस धुतले. तिसऱ्या दिवशी, शेजारची गाय व्याली, सासूनं खरवस केला. बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या. रामप्यारी झडती घेताना मला जरा जोरातच चाचपायची.

*

थंडी पडता पडता खबर आली. लढाईत पकडलेले कैदी सुटले. त्यात श्रीधर होता.

मदन महल स्टेशनवर कुसुमच्या बरोबर मी गेले. सासू घरीच दिवा लावून बसली. सकाळची गाडी, धुकं. कुसुमनं हिरवं लुगडं नेसलं होतं, दोन्ही हात बांगड्यांनी भरलेले, अंगही जरा भरलं होतं. चेहऱ्यावर अशी लाली की तिकीट तपासणाराही वळून बघत होता.

गाडी थांबली. श्रीधर उतरला. वाळला होता, पण धडधाकट. त्यानं कुसुमला पाहिलं आणि तो तिथंच थिजला. पुढं येईना. ती दोन पावलं पुढं झाली तर तो एक पाऊल मागं सरला. मला वाटलं, लढाईनं डोकं फिरलं असेल.

"मी जी," कुसुम म्हणाली. "कुसुम."

त्यानं हात पुढं करून तिच्या मनगटाला बोट लावलं, चटका बसेल की काय अशा बेतानं. गरम लागलं तसा त्याचा चेहरा कोसळला. भर प्लॅटफॉर्मवर फौजी माणूस हुंदके द्यायला लागला.

"तू जिवंत आहेस?" तो म्हणाला. "मी तर तिकडं तुझं तेरावंसुद्धा घातलं, भाताच्या मुठीवर."

"अहो, मला काय झालं? मी तर इथंच होते!"

"मग रोज संध्याकाळी चहाच्या वेळी येऊन माझ्याजवळ बसायचीस," श्रीधर म्हणाला, "ते एकाएकी यायचं काहून बंद केलंस?"