साडी खांद्यावर घेणारा माणूस

गेल्या रविवारी पुतणीच्या लग्नाची साडी घ्यायला मी आणि बायको गुलमंडीतल्या नेहमीच्या दुकानात गेलो. तिथला सेल्समन आम्हाला वीस वर्षं साड्या दाखवतो. शर्ट-पँटवरच साडी गुंडाळून, झरझर निऱ्या घालून तो पदर खांद्यावर टाकायचा अन् म्हणायचा, "वहिनी, मला शोभली, मग तुम्हाला बघायलाच नको!"

यंदा शेठनं त्यालाच जाहिरातीत घेतलं. चौकातल्या फलकावर सूट घातलेली तरुणी पायावर पाय टाकून खुर्चीत बसली आहे आणि शेजारी हा पैठणी नेसून, मान खाली घालून उभा आहे. त्याला वाटलं, आपल्या कामाचं कौतुक झालं. पण पिशोरच्या पाहुण्यांनी त्याच्या मुलीची ठरलेली सोयरीक मोडली. "तुमच्यात व्याही कोन अन् विहीन कोन, ते आधी ठरवा," म्हणाले.

रविवारी त्यानं साडी गादीवरच उलगडली.

"भाऊ, खांद्यावर घ्या ना," बायको सवयीनं म्हणाली.

"नाय वहिनी. आता आरशात तुम्हीच बघा."

मग फोटोचे मिळालेले दोन हजार त्यानं शेठपुढं ठेवले. "मालक, तेवढं पोस्टर उतरवा."

शेठनं नोटा मोजून गल्ल्यात टाकल्या. "फलकाचं भाडं दिवाळीपर्यंत भरलंय," म्हणाले.

मी साडीचे साडेसात हजार शेठच्याच हातात दिले.