बिनतोंडाचा कॉम्प्युटर आणि नारायणभाऊ

नारायणभाऊ पहिल्यांदा आमच्या मारेगावच्या घरी आले, ते चप्पल काढून थेट कॉम्प्युटरपाशी गेले आणि त्याच्या चारी बाजूंनी हात फिरवू लागले. सीडी घालायची जागा शोधत होते. ती नव्हतीच. "मॅडम, याले तोंडच नाई. आता नाकानं खाऊ घाला लागन," असं म्हणून त्यांनी पेनड्राइव्हच्या फटीवर बोट ठेवलं.

जन्मभर खाणीत विजेचं काम करून निवृत्त झाल्यावर त्यांनी वणीत दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं होतं. पंख्यापासून लॅपटॉपपर्यंत काहीही घ्यायचे. माझ्या कॉम्प्युटरमधलं विंडोज सुरूच होत नव्हतं. एवढ्या जुन्या मशीनला आता लिनक्सच झेपेल, असं त्यांचं मत पडलं. लिनक्स म्हणजे काय, हे त्यांनी मला दोनदा समजावलं. मी सातवीला विज्ञान शिकवते, तरी दोन्ही वेळा नुसती मान डोलावली.

माझा जीव अडकला होता भलत्याच गोष्टीत. कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे त्यांच्या वस्त्यांवर, अकरा वर्षं फिरून मी त्यांच्या बोलीतले शब्द टिपले होते. सांगणाऱ्या बऱ्याच म्हाताऱ्या आता नाहीत. वह्या वाळवीने खाल्ल्या. उरली ती कॉम्प्युटरमधली एक फाइल. कॉम्प्युटर कुरकुरू लागला तेव्हाच ती मी पेनड्राइव्हवर उतरवून घेतली होती, म्हणून निर्धास्त होते. भाऊंनी पेनड्राइव्ह मागितला तेव्हा तोच दिला. एवढ्या रिकाम्या जागेत लिनक्सही एका कोपऱ्यात बसेल, असा माझा हिशेब.

चार दिवसांनी भाऊ त्यात लिनक्स भरून घेऊन आले. पेनड्राइव्ह खोचला, कुठली कुठली बटणं दाबली, इंग्रजीत प्रश्नामागून प्रश्न येत गेले. आपण नवं घर बांधतोय की जुनं पाडतोय, तेच मला कळेना. शेवटी पडद्यावर विचारणा आली, सगळी डिस्क पुसायची का? भाऊंनी माउसवरचा हात उचलला.

"आत कोणी हाये का?"

मी गोंधळले. म्हटलं, कोणी नाही, माझे शब्द तर पेनड्राइव्हमध्ये आहेत.

"कोणत्या?"

मी खोचलेल्या पेनड्राइव्हकडे बोट दाखवलं. भाऊ खुर्चीत मागे टेकले. लिनक्स भरताना पेनड्राइव्ह आधी पूर्ण पुसला जातो, हे त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं. मला रडूच फुटलं.

मग त्यांनी ते काम तिथेच थांबवलं. पेनड्राइव्हवरूनच लिनक्स तात्पुरतं चालवलं आणि जुन्या डिस्कमध्ये शिरले. फाइल जागच्या जागी होती. ती त्यांनी आपल्या खिशातल्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतली, मला उघडून दाखवली. मी आभार मानू लागले तर त्यांनी मला अडवलं.

"मॅडम, चूक माही हाये. पेनड्राइव्ह घेतानाच इचाराले पायजे होतं. खाणीत एकदा असाच न इचारता कोळसा वाहून नेणारा पट्टा चालू केलता मी. माहा जोडीदार आत होता."

एवढं बोलून ते पुन्हा पडद्याकडे वळले. मी चहा ठेवायला उठले.

भाऊ गेल्या वर्षी वारले. पोडापोडांवर बायकांना एकेका शब्दासाठी भंडावून सोडणारी मी. त्या जोडीदाराचं नाव मात्र मी भाऊंना कधी विचारलं नाही.