दहा चाळीसची वेळ

सकाळचे आठ वाजायला दोन मिनिटं कमी होती. ग्लेनिस टकवेल स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोन फोन घेऊन बसली होती. एक तिचा, एक नवऱ्याचा. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, पण त्याचा फोन तिने बंद केला नव्हता. दोन्हींवर दवाखान्याचा नंबर तयार होता. आठच्या ठोक्याला दोन्ही लावायचे, आणि जो आधी लागेल त्यावर बोलायचं.

"आपलं आरोग्य आमच्यासाठी मोलाचं आहे," फोनमधली बाई म्हणाली. "आपण रांगेत चौदावे आहात."

"मोलाचं म्हणे," ग्लेनिस म्हणाली. "भवानी मेली."

गिल्गारा गावच्या दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून दोनदाच येतात, मंगळवारी आणि गुरुवारी. आठ वाजता फोन सुरू होतात आणि सव्वाआठला जवळच्या सगळ्या वेळा संपतात. मग पुढच्या खेपेला पुन्हा आठ वाजता. हा तिचा चौथा प्रयत्न होता.

वेळ हवी होती ती मर्वसाठी. मर्व तिचा धाकटा भाऊ. एकोणसत्तर वर्षांचा, बिनलग्नाचा, समोरच्याच घरात राहणारा. जन्मभर त्याने गव्हाचा ट्रक चालवला. केस ग्लेनिसच कापायची, मागच्या अंगणात, खुर्चीवर बसवून. महिन्यापूर्वी कॉलर खाली ओढली तेव्हा तिला मानेवर डाग दिसला. करंगळीच्या नखाएवढा. काळा, एका बाजूने निळसर, कडा खाल्ल्यासारख्या.

"हे कधीपासून आहे रे?"

"काय?"

"मानेवर."

"मला काय माहीत? मला मागे डोळे आहेत का?"

"दुखतं?"

"नाही. कॉलर लागते कधीतरी."

"मर्व, नीट सांग."

"अगं, मागच्या हिवाळ्यापासून असेल. तू केस काप ना. माश्या बसायला लागल्या."

ग्लेनिसने कात्री खाली ठेवली. असे डाग तिने पाहिले होते. दवाखान्याच्या काउंटरवर तिने एकतीस वर्षं काढली होती. डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. पण दारातून आत येणारा माणूस किती आजारी आहे, हे तिला तो खुर्चीत बसायच्या आत कळायचं.

ते कसं कळायचं, हे तिने कुणाला शिकवलं नाही. कुणी विचारलंच नाही. या भागातल्या माणसाला "फार त्रास होतोय का" असं विचारण्यात अर्थ नसतो. तो नाहीच म्हणतो. पाय मोडलेला माणूससुद्धा म्हणतो, जरा लचकलाय. म्हणून ग्लेनिस तसं विचारायचीच नाही. ती विचारायची, "काल संध्याकाळी कुत्र्यांना खायला कोणी घातलं?" मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांना इथे माणूस स्वतःच्या हाताने घालतो. ताप असो, पाऊस असो. "बायकोने घातलं," असं कोणी म्हणालं, की ग्लेनिस उठायची आणि त्याला थेट आत न्यायची. एकदा अपचनाच्या गोळ्या मागायला आलेल्या शेतकऱ्याला तिने असंच हाताला धरून पलंगावर झोपवलं होतं. त्याचं हृदय बंद पडत आलं होतं. पुढे तो अकरा वर्षं जगला.

मग जुन्या डॉक्टरांनी दवाखाना विकला. शहरातल्या एका कंपनीने घेतला. कंपनीचा माणूस एक छापील कार्ड घेऊन आला. त्यावरचा पहिलाच प्रश्न: आपली तक्रार तातडीची आहे का?

"हे इथे चालायचं नाही," ग्लेनिस म्हणाली. "इथे सगळे नाही म्हणतात."

"मग छानच," तो म्हणाला. "कामाचा ताण कमी होईल."

दोन महिन्यांनी तिने काम सोडलं. जाताना कार्ड फाडून त्याच्या चहाच्या कपात टाकलं. त्यानंतर दवाखान्याची पायरी ती चढली नव्हती.

तेव्हापासून गाव तिच्या स्वयंपाकघरात यायला लागलं. ग्लेनिस, कुठे जाऊ? बोटात कुसळ रुतलं असेल तर औषधाच्या दुकानात जा, तिथली पोरगी काढून देईल. मुलाला ताप असेल तर नर्सच्या लाइनला फोन लाव. छातीत दाटत असेल तर दवाखान्याला फोन करायचा नाही, माझ्याकडेही यायचं नाही, सरळ अँब्युलन्स. फोनवर काय म्हणायचं ती वाक्यं ती कागदावर लिहून द्यायची. वर मोठ्या अक्षरात: "बरं आहे" असं म्हणू नकोस. लोक कागद खिशात घालायचे आणि फोनवर म्हणायचे, "बरं आहे गं, सवडीने बघा."

तिला या सगळ्याचा वीट आला होता. कंपनीचा, आणि लोकांच्या या मेल्या सभ्यपणाचाही.

आठ सतराला नवऱ्याचा फोन लागला. पलीकडची मुलगी कुठल्या शहरात बसली होती कोण जाणे.

"आपली तक्रार तातडीची आहे का, मॅडम?"

"काळा डाग आहे. मानेवर. वाढतोय."

"व्हिडिओवर डॉक्टरांना दाखवता का? आज दुपारीच मिळतील."

"दाखवून झालंय. त्यांना मर्वचा कान दिसला आणि माझा पंखा दिसला. म्हणाले, प्रत्यक्ष दाखवा."

मुलगी हसली. मग बटणांचा आवाज आला. "गुरुवारी एकाने वेळ सोडली आहे. दहा चाळीस. चालेल?"

"चालेल," ग्लेनिस म्हणाली. 

गुरुवारी मर्वने धुतलेला शर्ट घातला. ग्लेनिस दारापर्यंत गेली, पुढे गेली नाही. त्या काउंटरसमोर उभं राहायचं तिच्या जिवावर आलं होतं. दवाखाना दोनच गल्ल्या लांब होता. मर्व काही लहान नव्हता.

दहा वाजून पस्तीस मिनिटांनी मर्व परत आला. हातात डबलरोटी होती.

"अरे, झालं पण?"

"नाही." त्याने रोटी ओट्यावर ठेवली. "तिथे एक बाई आली होती. पोराचा कान दुखत होता. काय रडत होतं गं ते! तिला वेळ नव्हती. मी म्हटलं, माझी घे."

ग्लेनिसने घड्याळाकडे पाहिलं.

"माझं दुखतसुद्धा नाही," मर्व म्हणाला. "मी तिथे ढिम्म बसायचं आणि पोराने रडायचं? कसं दिसतं ते?"

"मग पुढची वेळ घेतलीस?"

"घेतली ना. काउंटरवरच्या पोरीने विचारलं, कधी हवी? म्हटलं, केव्हाही दे." त्याने खिशातून चिठ्ठी काढली. "सात आठवड्यांनी. बरी आहे पोरगी. जोन्सांची नात."

ग्लेनिसने ओला फडका उचलला आणि त्याच्या तोंडाकडे फेकला. तो छातीवर आपटला, शर्टावर डाग पडला. मर्व बघतच राहिला. बहात्तर वर्षांच्या बहिणीने असं काही केल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"सात आठवडे," ती म्हणाली. "कान दुखत होता त्या पोराचा. कान! औषधाच्या दुकानात गेली असती तर थेंब मिळाले असते, रात्री झोपलं असतं ते. तुझं काय आहे माहितीये तुला? माहितीये?"

"ओरडू नकोस. शेजारी ऐकतात."

"ऐकू देत! तुम्ही सगळे एकमेकांना आपली जागा देत देत मरा. आणि मग मयतानंतर हॉलमध्ये सँडविच ठेवून म्हणा, किती भला माणूस होता. मला शिसारी आली आहे याची."

मर्वने फडका उचलला, घडी केली, आणि ओट्याच्या कडेला ठेवला. मग रस्ता ओलांडून घरी गेला.

ग्लेनिसने उरलेली दारं ठोठावून पाहिली. नव्वद किलोमीटरवरच्या मोठ्या गावात वेळ न घेता जाता येईल असं केंद्र होतं. तिथली बाई म्हणाली, आम्ही टाके घालतो, ताप बघतो, डाग बघत नाही. तिथल्याच त्वचेच्या डॉक्टरांकडची म्हणाली, आधी तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा. फिरून फिरून सगळ्या वाटा त्याच दवाखान्याच्या दारात येत होत्या.

मंगळवारी आठला तिने पुन्हा फोन लावला. या वेळी नववी होती.

"आपली तक्रार तातडीची आहे का?"

"हो," ग्लेनिस म्हणाली. "रक्त येतंय. थांबत नाही. उशी भरली."

रक्ताचा थेंबही आला नव्हता. एकतीस वर्षांत असं खोटं बोलणारी माणसं तिने काउंटरवर बोटांवर मोजण्याइतकी पाहिली होती आणि प्रत्येकाची तिला किळस आली होती.

"आजच या," मुलगी म्हणाली. "नऊ वीस."

या वेळी ती बरोबर गेली. काउंटर बदललं होतं, मध्ये काच आली होती. ती मर्वला भिंतीकडच्या खुर्चीत घेऊन बसली आणि त्याच्या मनगटावर हात ठेवला. खोलीत पाच-सहा माणसं होती. सगळी ओळखीची. सगळ्यांनी मान हलवली.

नऊ दहाला नोला केसी आत आली. एक्याऐंशी वर्षांची, शाळेत गाणं शिकवायची. वेळ घेतली नव्हती. कोणी आलं नाही तर आपल्याला बघतील, अशा आशेने आलेली. ती खोकली. खोकला लहानसाच होता, पण तो झाल्यावर तिने भिंतीला हात लावला.

ग्लेनिसने तिच्या पायांकडे पाहिलं. नोला केसी लिपस्टिक लावल्याशिवाय टपालाच्या पेटीपर्यंत जात नसे. आज तिच्या पायांत घरातल्या सपाता होत्या. ओठ राखेसारखे.

ग्लेनिसला कळलं. खुर्चीत बसायच्या आत कळलं.

"तातडीचं आहे का, नोला?" काचेआडून मुलीने विचारलं.

"नाही गं बाळा. जरा छाती भरल्यासारखी वाटते, इतकंच. यांचं होऊ दे."

मर्वचं मनगट हललं. तो उठायला लागला होता.

"बस खाली," ग्लेनिस दातांतून म्हणाली.

"ग्लेन, तिच्याकडे बघ तरी."

"बस म्हटलं ना."

तिने तोंड उघडायला हवं होतं. काचेवर टकटक करून सांगायला हवं होतं, पोरी, हिला आत घे, अँब्युलन्स बोलाव. पण त्या दिवशी डॉक्टर एकच होती आणि मोकळी वेळही एकच. मर्वला निमित्त मिळालं असतं तर तो उठला असता, आणि एकदा उठला की तिला तो पुन्हा बसवता आला नसता. ती गप्प बसली. नोलाने एकदा त्या दोघांकडे पाहिलं. थोडा वेळ उभी राहिली, मग दार ढकलून बाहेर गेली. खोलीतल्या माणसांनी ग्लेनिसकडे पाहिलं आणि मग माना मासिकांत घातल्या.

डॉक्टर मोरादी तरुण होती, थकलेली होती. तिने डागावर भिंग धरलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"किती दिवस झाले?"

"काही आठवडे," मर्व म्हणाला.

"आठ महिने," ग्लेनिस म्हणाली.

डॉक्टरने त्याच दिवशी तो कापून काढला आणि तपासायला पाठवला. सहा दिवसांनी तिचाच फोन आला. डाग वाईट जातीचा होता. मोठ्या रुग्णालयात आणखी खोल कापावं लागणार, तारीख मिळाली आहे. आत पसरल्यासारखं दिसत नाही. "पण सात आठवडे थांबला असता तर…" असं म्हणून ती थांबली.

मर्व फोन ठेवून रस्ता ओलांडून ग्लेनिसकडे आला.

"तुझंच खरं निघालं," तो म्हणाला. मग म्हणाला, "आपण दवाखान्यात गेलो त्याच संध्याकाळी नोलाला रुग्णालयात नेली. टपालवाल्याला पायरीवर पडलेली दिसली. न्यूमोनिया." त्याला हे पाच दिवसांपूर्वीच कळलं होतं. तो पाच दिवस बहिणीशी बोलला नव्हता.

ग्लेनिस दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन नव्वद किलोमीटरवरच्या रुग्णालयात गेली. नोला उशांना टेकून बसली होती. नाकात नळी, ओठांवर लिपस्टिक.

"अगं, एवढ्या लांब कशाला आलीस? मर्वचं काय म्हणाले?"

ग्लेनिसने सांगितलं.

"बाई गं. बरं झालं, वेळेवर गेला."

"नोला, मी तुझ्या सपाता पाहिल्या होत्या," ग्लेनिस म्हणाली. "मला कळलं होतं. मी गप्प बसले."

नोलाने चादर सारखी केली. "मीही तुला पाहिलं. मर्वला धरून बसली होतीस. म्हटलं, ग्लेनिस या दवाखान्यात आलीये आणि भावाचा हात सोडत नाहीये, म्हणजे माझ्यापेक्षा मोठं काहीतरी आहे. म्हणून तर मी घरी गेले."

हे ती हसून म्हणाली, कौतुकाने.  ग्लेनिसला त्या हसण्याची किळस आली, आणि त्याहून जास्त स्वतःच्या हाताची, जो अजूनही पर्सच्या पट्ट्याला घट्ट धरून होता.

तेवढ्यात एक तरुण डॉक्टर फाइल घेऊन आला. "काय केसीबाई, आज कसं वाटतंय?"

"उत्तम," नोला म्हणाली. "पलंग कुणाला हवा असेल तर मी आज जाते घरी."

डॉक्टरने पेनचं टोपण काढलं.

"थांबा," ग्लेनिस म्हणाली.

"ग्लेनिस," नोला म्हणाली.

"खोटं बोलतेय ती. घरी एकटी राहते. दाराला पाच पायऱ्या आहेत आणि त्यांवरच पडली होती. मी आले तेव्हा तिचा पेला रिकामा होता. पाणी मागायला बेल वाजवली नाही, कारण नर्स जेवत असेल म्हणे. तिला उभी करा आणि दारापर्यंत चालवा. मग विचारा कसं वाटतंय."

डॉक्टरने दोघींकडे पाहिलं. "आपण कोण यांच्या?"

"कोणी नाही. गावातली."

"हिला जायला सांगा," नोला म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "लाज आणलीस मला. चारचौघांत!"

डॉक्टरने टोपण पुन्हा लावलं आणि नोलापुढे हात केला. नोला पलंगावरून उतरली, चार पावलं चालली, आणि पाचव्याला त्याच्या बाहीला लटकली. तिचा श्वास फाटल्यासारखा येत होता.

"अजून आठवडाभर तरी राहायचं," तो म्हणाला.

नोलाने तोंड खिडकीकडे फिरवलं. ग्लेनिस गेली तरी तिने ते वळवलं नाही.