भूगोलाच्या देवरेबाई

भूगोलाच्या पहिल्या तासाला देवरेबाई पुस्तक उघडू देत नसत. वहाणा वर्गाबाहेर काढलेल्या असत. त्या तशाच राहू देऊन बाई आम्हाला ओळीनं अंगणात नेत. निम्म्या जणींना काळ्या मातीच्या वाफ्यात उभं करत, निम्म्या जणींना मुरमावर. मग दोन्हीकडे कळशीभर पाणी ओतून विचारत, "कुठलं पाणी राहिलं? कुठलं गेलं?" आम्ही सतरा-अठरा वर्षांच्या, शिक्षिका व्हायला निघालेल्या मुली. पायांना चिखल लागला म्हणून नाकं मुरडायचो. बाई म्हणत, "भूगोल तळपायांनी शिकायचा. डोक्यात तो मागाहून आपोआप चढतो."

ही गोष्ट एकोणीसशे पस्तीसच्या आसपासची. नाशकात मुलींसाठी एक ट्रेनिंग वर्ग होता. दोन वर्षांचा अभ्यास करून परीक्षा दिली, की मुलींच्या शाळेत नोकरी मिळे. बहुतेक मुली बाहेरगावच्या, वसतिगृहात राहणाऱ्या. माझ्यासारख्या दोघी-तिघीच गावातल्या. माझे वडील वकील होते आणि वर्ग चालवणाऱ्या कमिटीतल्या मंडळींशी त्यांची ऊठबस होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात त्याचा वाटा आहे. सगळा दोष त्याचा नाही. बराचसा माझाच आहे.

बाई बागलाणातल्या, सटाण्याकडच्या. ऐन तारुण्यात विधवा झालेल्या, आणि भावाच्या मागं लागून शिकलेल्या. उंच, काळ्यासावळ्या, हातांचे पंजे मोठे. जाड करड्या लुगड्याचा कासोटा घट्ट मारून, मिटलेली छत्री काठीसारखी टेकवत त्या चालू लागल्या, की बरोबरच्या बाईला पळावंच लागे. वर्गात त्या शुद्ध पुस्तकी मराठी बोलत; पण थकल्या किंवा खुशीत आल्या, की मधूनच अहिराणी डोकावे. खिडकीबाहेर बोट दाखवून एकदम विचारत, "काय शे तठे?" तिकडं ढग असे, घार असे, नाहीतर नुसता धूर. बघून सांगावं लागे.

मी त्यांची नक्कल फार छान करायची. एकदा मधल्या सुट्टीत मी पदर खोचून, हातात रूळ घेऊन "काय शे तठे?" करत होते आणि मुली हसून लोळत होत्या. बाई दारात कधी आल्या ते कळलंच नाही. मला वाटलं, आता धडगत नाही. बाई म्हणाल्या, "चांगलं जमलंय. पण तो 'शे' जरा लांबव. आमच्याकडं बोलायला घाई नसते."

दुसऱ्या वर्षी, मार्गशीर्षातल्या एका रविवारी बाई आम्हा सतराजणींना म्हसरूळच्या टेकड्यांवर घेऊन गेल्या. कमिटीत यावर बरीच कुरकुर झाली होती. तरुण मुली, सोबत पुरुष माणूस नाही, आणि डोंगर चढायचे कशाला? बाईंनी लेखी परवानगी मागितली, दोनदा नाकारली गेली, तिसऱ्यांदा मिळाली. जबाबदारी सर्वस्वी त्यांचीच, या अटीवर.

उजाडता उजाडता आम्ही नदी ओलांडली, पंचवटी मागं टाकली आणि म्हसरूळच्या रस्त्याला लागलो. थंडी अशी, की बोलताना तोंडातून वाफ येत होती. ऊन वर आलं तेव्हा आम्ही पहिल्या टेकडीच्या अर्ध्यावर होतो आणि निम्म्या जणींचा दम संपला होता. "बाई, अजून किती?" कुणीही विचारलं, की बाईंचं उत्तर एकच: "त्या पुढच्या झाडापर्यंत." ते झाड आलं, की त्याच्या पुढचं. अशी झाडं मोजत आम्ही माथ्यावर पोचलो. हवा स्वच्छ होती. एका अंगाला नाशिक, सगळं तळहातावर मावेल एवढं; पश्चिमेला अंजनेरी, ब्रह्मगिरी; समोर रामशेज; आणि उत्तरेला पार दूर निळसर रेघ. बाईंनी विचारायच्या आत वणीची पार्वती ओरडली, "बाई, त्या आमच्याकडच्या डोंगररांगा!" तिचे डोळे भरून आले होते. सहा महिन्यांत ती घरी गेली नव्हती.

पार्वती माझ्या शेजारी बसणारी. तिच्या वडिलांचं वणीला गडावर जाणाऱ्या लोकांसाठी नारळ-कुंकवाचं दुकान. वर्गात ती माझ्याहून हुशार होती, पण ते तिला ठाऊक नव्हतं. मला होतं.

जेवायला बसलो तेव्हा मुलींचे जातीजातीनं दोन गोल झाले. कुणी सांगितलं नव्हतं, झाले. बाई दोन्ही गोलांच्या मधोमध, कुणाकडेच पाठ होणार नाही अशा बेतानं बसल्या आणि आपली भाकरी, कांदा, लसणाची चटणी दोन्हीकडं फिरवली. आमच्या, वरच्या जातींच्या, गोलात कुणी घेतली नाही. मीही नाही.

परत निघताना माथ्यावरून खाली जायच्या दोन वाटा होत्या. एक लांबची पायवाट, आणि एक सरळ उतार, पिवळ्या वाळक्या गवतानं झाकलेला. मुली पुढं गेल्या. मी आणि पार्वती मागं रेंगाळत होतो. मी त्या उताराकडं बघतेय हे बाईंनी पाहिलं आणि त्या मुद्दाम वळून आल्या. "कुमुद, पार्वती, इकडून उतरायचं नाही. वाळकं गवत तेलासारखं असतं. पायवाटेनंच यायचं. ऐकलंत?"

"हो बाई," मी म्हटलं. मीच म्हटलं. पार्वतीनं नुसती मान हलवली.

बाई वळणाआड गेल्या तशी मी पार्वतीला म्हटलं, "चल, इकडून उतरू. त्यांच्या आधी खाली पोचू. मज्जा!" ती म्हणाली, "बाई नको म्हणाल्यात." मी म्हटलं, "डोंगरातली ना गं तू? घाबरट!" आणि मी एकटीच उतरायला लागले. वीसेक पावलं बरी गेली. मग पाय सरकला, मी बसकणच मारली आणि घसरत एका खडकाला अडकले. खाली बघितलं आणि खडकाला घट्ट बिलगले. वर येता येईना, खाली जाता येईना. मी पार्वतीला हाका मारायला लागले.

ती आली. वहाणा काढून, कडेकडेनं, गवताची मुळं धरत आली. माझ्या खाली उभी राहिली, खांद्यानं मला वर ढकललं आणि एकेक पाऊल कुठं टाकायचं ते सांगितलं. माझा हात वरच्या झुडपाला पोचला, आणि त्याच क्षणी तिच्या पायाखालचा दगड सुटला. ती ओरडलीसुद्धा नाही. दोन पुरुष खोल जाऊन पडली.

बाई माझ्या किंकाळीनं परत आल्या. बसून, खुरडत, त्या तिच्यापर्यंत गेल्या. छत्री पायाला लावून, पदर फाडून त्यांनी तो पाय बांधला आणि पार्वतीला पाठीवर घेऊन पायवाटेला आणलं. तिथून म्हसरूळपर्यंत, जिथं बैलगाडी मिळाली, तिथवर त्यांनी तिला कुणाच्या हाती दिलं नाही. पार्वती कण्हत होती आणि बाई धापा टाकत तिला सांगत होत्या, "त्या पुढच्या झाडापर्यंत, माय. बस, त्या झाडापर्यंत." मी मागून पार्वतीच्या वहाणा घेऊन चालत होते. गाडी सुटताना बाई माझ्याकडं वळल्या. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी विचारलं, "तुला कुठं लागलं का?"

हाड जुळलं, पण पाय आखूड राहिला. पार्वतीचे वडील तिला वणीला घेऊन गेले.

आठवड्याभरात कमिटीनं चौकशी नेमली. चौकशीच्या आदल्या दिवशी माझ्या वडिलांनी मला समोर बसवलं. मी त्यांना सगळं खरं सांगितलं होतं. ते म्हणाले, "विचारतील तेवढंच बोलायचं. तू आज्ञा मोडलीस असं निघालं, तर नाव काढून टाकतील, परीक्षेला बसू देणार नाहीत. आठवत नाही, एवढं म्हटलंस तरी पुरे. त्यात खोटं काही नाही."

दुसऱ्या दिवशी चार गृहस्थ टेबलाशी बसले होते. बाई भिंतीजवळ उभ्या होत्या. त्यांना खुर्ची दिलेली नव्हती. चिटणिसांनी विचारलं, "त्या उतारावरून जाऊ नका, अशी ताकीद बाईंनी तुम्हाला दिली होती का?"

मी म्हटलं, "आठवत नाही."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. वर्गात उत्तर चुकलं, की पुन्हा विचार करायला त्या जशी सवड देत, तशा थोडा वेळ बघत राहिल्या. मी टेबलावरच्या दौतीकडं बघत राहिले. मग त्या चिटणिसांकडं वळल्या. "मुली माझ्या जबाबदारीवर होत्या. मुलीला आणखी काही विचारू नका."

कमिटीनं ठपका ठेवून बाईंना कामावरून काढलं. सोमवारी त्या एक ट्रंक घेऊन गेल्या. सगळ्या मुली त्यांना पोचवायला टांग्यापर्यंत गेल्या म्हणे. मी डोकं दुखतं म्हणून घरी राहिले होते.

मी परीक्षा पास झाले आणि नाशकातच मुलींच्या शाळेत लागले. बाई सटाण्याच्या पुढं एका खेड्यात शिकवतात, असं दोन वर्षांनी एका मैत्रिणीकडून कळलं. कळल्यावरही जायला मला आणखी एक वर्ष लागलं. दिवाळीच्या सुटीत एकदा मनाचा हिय्या केला, दिंडोरी, वणी, कळवणवरून जाणारी सर्व्हिस मोटार धरली, आणि वाटभर माफीची वाक्यं जुळवत गेले.

पाटलांच्या गोठ्याशेजारी एक ओसरी होती, तीच शाळा. सुटी असूनही चार-पाच मुली तिथं शेणानं जमीन सारवत होत्या. बाईंचे केस पांढरे झाले होते. मला ओळखून त्या म्हणाल्या, "आलीस? बस. आधी जेव." बाजरीची भाकरी आणि चटणी समोर ठेवली. मी चार घास खाल्ले. शेवटी म्हटलं, "बाई, मी तुमची माफी मागायला आले."

"हं," बाई म्हणाल्या. "पार्वतीचा पाय कसा आहे आता?"

मी भाकरीचा तुकडा मोडत राहिले.

"तुझी मोटार वणीवरून आली ना?"

"हो."

"तिथं चहाला थांबते ती. चांगली अर्धा तास."

"हो, बाई."

"उतरली नाहीस?"

मोटार उभी होती त्या अर्ध्या तासात मी खिडकीचा पडदा ओढून आत बसून होते. बाजारातून कुणी ओळखू नये म्हणून. तीन वर्षांत मी तिला एक कार्डसुद्धा टाकलं नव्हतं. बाई उठल्या, माझं ताट उचललं. "माझं काय गं, माझी नोकरी गेली, दुसरी मिळाली. तिचा पाय गेला. चुकीच्या घरी आलीस तू, पोरी."

परतीच्या वाटेवर मी वणीला उतरले. पार्वती दुकानात नारळ रचत होती. मला पाहून उठली, आणि दोन पावलांतच तिचं चालणं मला दिसलं. तिनं मला आत बसवलं, चहा केला. परीक्षा बुडाली, मग वडिलांनी परत पाठवलं नाही, हे सगळं तिनं दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगितलं. मग विचारलं, "वर्गात किती मुली आहेत तुझ्या? ऐकतात का?" त्या प्रश्नाला उत्तर देणं मला जितकं जड गेलं, तितकं चौकशीतही गेलं नव्हतं.

मी माफी मागितली. तिनं हातातला कप खाली ठेवला.

"मी लिहिलं होतं कमिटीला," ती म्हणाली. "सगळं खरं. पण टाकायच्या आधी बाई भेटायला आल्या. पत्र वाचलं आणि म्हणाल्या, एकीची परीक्षा बुडाली, आता दुसरीची कशाला बुडवतेस? मी फाडलं. बाईंसाठी फाडलं, तुझ्यासाठी नाही. तुझा राग मला तेव्हाही होता. अजून आहे."

"असू दे," मी म्हटलं.

नाशकाला येऊन मी त्याच आठवड्यात कमिटीला पत्र लिहिलं. ताकीद मिळाली होती, ती मला तेव्हाही आठवत होती, आणि मी खोटं बोलले, असं स्पष्ट लिहून खाली सही केली. वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. कमिटीकडून उत्तर येईना. मी स्मरणपत्रं पाठवत राहिले. दर सुटीत मात्र वणीला जात होते. पार्वती कधी बोले, कधी नुसती गिऱ्हाइकं बघत राही.

पुढच्या श्रावणात बाई तापानं गेल्या. चार दिवसांचा ताप. आम्हाला कळलं तेव्हा दहावा होऊन गेला होता.

कमिटीचं उत्तर त्यानंतर दोन महिन्यांनी आलं. देवरेबाईंवर ठेवलेला ठपका मागं घेण्यात येत आहे, असं त्यात दोन ओळींत लिहिलं होतं. खाली चिटणिसांची सही. मी तो कागद घेऊन वणीला गेले. पार्वतीनं हात पुसून तो दोनदा वाचला, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला.

"हा आता कुणाला दाखवायचा?" तिनं विचारलं.