अमावस्येचा पगार

माझ्या वडिलांचा महिना अमावस्येला संपतो. कॅलेंडर काय वाटेल ते म्हणो. जळगावच्या एमआयडीसीत आमचा प्लॅस्टिकच्या चटया विणायचा छोटा कारखाना आहे. तिथेही पगार व्हायचा तो अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी. शिंदखेड्याकडच्या त्यांच्या गावात सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होऊन आखाजीला संपतं. तेच त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. कामगारही साक्री-नरडाण्याकडचेच, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. उलट धोंड्याचा महिना आला की वर्षाला तेरा पगार पडायचे. नानांना (मीही त्यांना नानाच म्हणते) याचा कोण अभिमान!

पगाराच्या दिवशीच प्रत्येकाचा प्रॉव्हिडंट फंड कापून नाना मला म्हणायचे, "भरून टाक." कारखान्याचं ऑफिस मी बघते, मी लगेच भरायची. कुणाचा एक पैसा बुडवला नाही. पण सरकारचा महिना तीस-एकतीसला संपतो आणि पुढच्या पंधरा तारखेच्या आत फंड भरावा लागतो. आमची अमावस्या कधी अठराला, कधी चोवीसला; तोवर मागच्या महिन्याच्या दिवसांच्या फंडाची पंधरा तारीख उलटून गेलेली. सांगून सांगून माझा घसा बसला. "पगारच हातात पडला नाही, तर फंड कापायचा कशातून?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पूर्वी थोडं व्याज लागायचं, आणि विवरणपत्र भरायच्या आत जमा असलं की आयकरवालेही सोडून द्यायचे. त्यामुळे नानांचंच खरं ठरत आलं.

मग कायदा बदलला. कामगाराच्या पगारातून कापलेला फंड एक दिवस जरी उशिरा भरला, तर ती रक्कम मालकाचं उत्पन्न. नंतर भरली तरी उत्पन्नच, कायमचं. आमच्या सीएने हे नानांना तीनदा समजावलं. "अहो, पण पैसे त्यांच्या खात्यात आहेत. माझं उत्पन्न कसं?" नाना तीनदा तेच विचारत राहिले. मला त्यांचा राग येत होता, सीएचा येत होता, आणि ज्याने कुणी हा नियम लिहिला त्याचा तर फारच. काही वर्षांच्या नोटिसा पाठोपाठ आल्या. त्यांत कर, वर व्याज, त्याच्यावर दंड. नानांचं जेवण सुटलं. कारखाना राहतो की जातो, एवढाच प्रश्न घरात उरला.

कामगारांपासून काय लपणार? चटया विणायच्या लूमवरचा सगळ्यांत जुना कारागीर, ज्याला आम्ही तात्या म्हणतो, ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला.

"नाना, आमना पैसा बठ्ठा जमा शे ना?"

"शे."

"मंग हाऊ दंड कसाना?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी संगणकाकडे बघितलं.

विकण्याजोगं होतं काय? दोन लूम आणि प्लॅस्टिकचा दाणा वितळवून पट्टी काढायचं यंत्र. पट्टीचं यंत्र गेलं तर सगळंच बंद. म्हणून मोठी लूम विकायची ठरली. तिथेही गंमत बघा. दरवर्षी घसारा लावून लावून आमच्या यंत्रांची हिशेबातली किंमत जवळजवळ शून्यावर आली होती. सीए म्हणाला, "म्हणजे लूमचे येतील ते बहुतेक पैसे नफाच धरले जातील. त्यावरही कर बसेल." मी हसले. खरंच हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

लूम विकणार हे कळल्यावर तात्या पुन्हा आला. या वेळी मागे चार-पाच जण.

"नाना, आमले कामवरथून काढी टाका. नोकरी सुटनी का फंड हाती ई. तो पैसा तुम्ही वापरा. लूम इकू नका."

माणसं काय बोलत होती! हातचं काम सोडून म्हातारपणाची पुंजी आमच्या दंडात घालायला निघाली होती. मला वाटलं, नाना हो म्हणतील. खोटं कशाला बोलू, मला वाटत होतं त्यांनी हो म्हणावं.

"तो तुमना म्हातारपणना पैसा शे," नाना म्हणाले. "त्याले हात लावाना नही." आणि माझ्यासमोरच त्यांनी लूम घ्यायला तयार असलेल्या धुळ्याच्या गिऱ्हाइकाला फोन लावला.

गिऱ्हाईक ट्रक आणि माणसं घेऊन आलं. माणसांनी पहार घातली तसा तात्या धावला. लूमची चौकट वाकली असती. "सरका," म्हणाला, आणि स्वतः पाना घेऊन खाली बसला. ज्या लूमवर त्याचे केस पिकले, तिचा एकेक बोल्ट त्याने तेल सोडून सोडून काढला. कुठला आधी, कुठला नंतर, हे तोच जाणे. गिऱ्हाईक खूश झालं. ट्रक फाटकाबाहेर पडला.

लहान लूमवर दोन पाळ्यांची माणसं आधीच होती. तात्याला जागा नव्हती. हे नानांना माहीत होतं, मला होतं, तात्यालाही होतं. त्याने पाना पुसून खिळ्याला अडकवला.

"नाना, आते मी काय करू?"

"सकाये ये," नाना सवयीने म्हणाले.

मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. लूम होती त्या रिकाम्या जागेवर ते मटकन बसले आणि तोंडावर उपरणं धरून रडायला लागले. तात्या शेजारी बसला, त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "मी येस ना, नाना. सकाये येस."