चिवडा खाणारी मुलं

मैत्रिणींनो, तासाभरापूर्वी अमेरिकेहून लेकाचा फोन आला. तिथे कॉलेजात फ्रॅटर्निटी असतात, म्हणजे एकत्र राहणाऱ्या मुलांचे गट. नव्या मुलांना जेवायला बोलावून ते आपल्याकडे ओढतात.

लेकाला दोन गटांनी विचारलं होतं. एका गटातल्या मुलांनी मी पाठवलेला चिवडा त्याच्यासोबत पायरीवर बसून संपवला. दुसऱ्या गटातली जुनी मुलं मोठमोठ्या कंपन्यांत आहेत.

"ओळखी कामाला येतात रे," मी गेल्या आठवड्यात सांगितलं.

आज म्हणाला, "आई, तू म्हणालीस तिथेच गेलो."

"चिवडा पाठवू?"

"नको. इथे कोण खाणार?"

मी सौदीतल्या अल-खोबरला नवीन होते, तेव्हा शेजारच्या रझियाभाभी माशाचं कालवण घेऊन आल्या होत्या. त्यांची ओळख कुठे कामाला येईल, हा विचार मी केला नव्हता. लेकाला मात्र तोच करायला लावला.