सात बायकांची नावं

जतहून मल्लाप्पाच्या मुलीचा फोन आला, तेव्हा मी दैनिकाच्या सांगलीच्या कचेरीत उद्याच्या अंकाचं पान लावत होतो. "काका, पप्पा गेले सकाळी," एवढंच म्हणाली. संपादकांनी लगेच चौकट करायला सांगितली. 'निर्भीड वार्ताहर हरपला' हा मथळाही त्यांनीच सुचवला आणि मी तो निमूटपणे लावला. त्याला पाच आठवडे झाले. त्या मथळ्याची मला अजून चीड येते.

मल्लाप्पा बिरादार आमच्या दैनिकाचा जतचा वार्ताहर. झेरॉक्सचं दुकान चालवायचा आणि उरलेल्या वेळात बातम्या पाठवायचा. खरं तर उलटंच... मी रहिमतपूरचा, कन्नडमधलं मला ओ की ठो कळायचं नाही, म्हणून शिव्या मुद्दाम कन्नडमध्ये घालायचा आणि वर हसायचा. कुणाचं रेशन अडलं, कुणाची पेन्शन थांबली, की लोक तहसीलला जाण्याआधी त्याच्या दुकानात येत. "पेपरात आलं की सायबाला झोप लागत न्हाई गड्या," हे त्याचं ठाम मत. तेव्हा माझंही तेच होतं.

तीन उन्हाळ्यांपूर्वी त्याने एका वस्तीची बातमी पाठवली. टँकर कागदावर रोज यायचा, वस्तीवर आठवड्यातून एकदा. सोबत सात बायकांच्या सह्यांचं पत्र होतं. 'नावं बाहेर जाऊ देऊ नको, मी शब्द दिलाय,' असं त्याने वर लिहिलं होतं. आमच्याकडे रिवाज असा, की तक्रारीची बातमी लावण्याआधी संबंधित कचेरीचा खुलासा मागायचा. रिवाज चांगलाच आहे. पण घाईघाईत मी बातमीबरोबर ते पत्रही तहसीलच्या साहेबांच्या व्हॉट्सॲपवर धाडून दिलं.

संध्याकाळपर्यंत पत्र टँकरच्या ठेकेदाराकडे पोचलं. दुसऱ्या दिवसापासून टँकर त्या वस्तीवर वळायचाच बंद झाला. आणि बातमी? ठेकेदार ज्या नेत्याचा माणूस, त्याच्या वाढदिवसाची पुरवणी निघायची होती. संपादक म्हणाले, "नंतर बघू." बातमी कधीच छापली गेली नाही. ज्यांनी वर्तमानपत्रावर भरवसा टाकला, त्यांची नावं तेवढी आम्ही बिनचूक पोचवली. याला दगाच म्हणतात. मल्लाप्पाचा फोन आला, वाटलं ओरडेल. "तुमी असं कराल, वाटलं नव्हतं," एवढंच बोलला. इतक्या वर्षांत त्याने मला कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं. त्या वस्तीवर जाऊन कबुली द्यायचं मी रोज ठरवलं आणि रोज टाळलं.

शेवटी गेल्या आठवड्यात गेलो. दारात ज्वारी पाखडत बसलेल्या शांतव्वाला मल्लाप्पाच्या पेपरचा माणूस अशी ओळख सांगितली. पत्रावर पहिली सही तिची होती.

"दर सोमवारी यायचा त्यो," ती म्हणाली. "ह्या दगडावर बसून पेपर मोठ्यानं वाचायचा. आमी कुनी त्याच्याशी बोलत नव्हतो. नावं त्यानंच फोडली व्हती न्हवं... सोताच म्हनला, पेपरची चूक न्हाई, माजी हाय. पेपरवर राग धरू नगा."

मला बसवेना. पत्र मी पाठवलं, त्याचा काडीचा दोष नव्हता, हे तिला एका दमात सांगून टाकलं. तिच्या हातातलं सूप थांबलं. तिने त्या दगडाकडे पाहिलं.

"आवं, मग हे तवाच का सांगितलं न्हाईसा?" ती म्हणाली. "तीन वर्सं त्यो हितं बसला. एकीनंबी त्याला पानी विचारलं न्हाई."